बशीतला चहा आणि प्रकाशाचा पिंजरा

कढत चहा बशीत ओतला की लवकर निवतो. पाण्याचे सर्वांत जोरात धावणारे रेणू वाफेबरोबर उडून जातात आणि मंद असलेले मागे राहतात. चहात थंडी कुणी घालत नाही. उष्णता तेवढी निघून जाते.

क्योटो विद्यापीठात योशिरो ताकाहाशी यांचा गट यटर्बियमच्या अणूंना शेवटच्या टप्प्यात असाच निववतो. त्याआधी मात्र अणूंचा वेग मोडावा लागतो, आणि तो मोडतो प्रकाश. समोरून येणाऱ्या गाडीची शिट्टी चढ्या सुरात ऐकू येते. तसाच लेझरकडे धावणाऱ्या अणूला त्याचा 'सूर' चढा भासतो. म्हणून लेझर मुद्दाम किंचित खालच्या सुरात लावतात. मग त्याच्या दिशेने धावणारा अणूच तो प्रकाश शोषतो आणि दर वेळी उलटा धक्का खाऊन मंदावतो. प्रकाश म्हणजे ऊब, या आपल्या समजुतीला इथे केवढा सुंदर तडा जातो!

पुढे निर्वात पोकळीतला लेझरचा सापळा हीच बशी. तिची कड हळूहळू उतरवली की चपळ अणू निसटतात. याच वाटेने २००३ मध्ये या गटाने यटर्बियमचे बोस-आइन्स्टाइन संघनित, म्हणजे असंख्य अणू एकाच लाटेसारखे वागतात अशी अवस्था, घडवले. त्याचे बीज १९२४ साली ढाक्यात सत्येंद्रनाथ बोस यांनी लिहिलेल्या निबंधात होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, प्रकाशाच्या जाळीत बसवलेले अणू निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सिअसच्या, वर जेमतेम एक अब्जांश अंशापर्यंत आले. ताऱ्यांमधला रिकामा अवकाशसुद्धा सुमारे २.७ अंश वर असतो.

हा खटाटोप विक्रमासाठी आहे, असे मानणे अन्यायाचे होईल. उष्णता हा पदार्थातला गोंगाट आहे. तो शमला की अणूंचे एरवी बुडून जाणारे आपसातले संबंध उमटू लागतात. स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनांच्या वागण्याचा नमुना हे अणू समोर मांडतात.

टोकियोत हिदेतोशी कातोरी यांनी याच शांततेतून वेळ मोजली. २००१ मध्ये सुचलेल्या त्यांच्या घड्याळात थंड स्ट्रॉन्शियम अणू प्रकाशाच्या जाळीत बसवलेले असतात. अशी दोन घड्याळे त्यांच्या गटाने स्कायट्री मनोऱ्यात ठेवली, एक पायथ्याशी आणि दुसरे सुमारे ४५० मीटर वर. आइन्स्टाइनने सांगितल्याप्रमाणे वरचे घड्याळ पुढे धावत होते, दिवसाला सुमारे चार अब्जांश सेकंद.