मऊ पेडल

जुन्या पद्मिनी गाडीचा ब्रेक बिघडला की पायाला ते दोन तऱ्हांनी कळतं. पेडल बरंच खाली जाऊन मग टणक लागलं, तर बहुधा ड्रममधले शू झिजलेत; ॲडजस्ट करून भागतं. पण ओल्या स्पंजावर पाय दिल्यासारखं वाटलं, तर पाइपात हवा शिरली आहे.

ब्रेक ऑइल दाबलं तरी जवळजवळ आकसत नाही. म्हणून पाय मास्टर सिलेंडरमधून जेवढं ऑइल ढकलतो, तेवढं चाकांकडे सरकतं आणि शू ड्रमला भिडतात. हवा मात्र आकसते. दाब पन्नास पट केला तर ती पन्नासाव्या हिश्शात मावते. मग चाकाकडे निघालेलं ऑइल बुडबुड्याने मोकळी केलेली जागा भरण्यातच खर्ची पडतं, आणि पेडलची धाव तर मोजकीच. बुडबुडा मोठा असला की पेडल तळाला टेकतं तरी शू पुरते लागलेले नसतात. भराभर पंप मारले की मास्टर सिलेंडरवरच्या डबीतलं जादा ऑइल आत ढकललं जातं, पेडल वर येतं, आणि लोक त्यावर महिना काढतात. हवा असते तिथेच असते.

ती काढायला दोन माणसं लागतात. लांबच्या चाकापासून सुरुवात, म्हणजे आपल्याकडे मागचं डावं. चाकामागच्या, हवा सोडायच्या निपलला मी आदल्या रात्रीच गंज सोडवायचं तेल घालून ठेवतो आणि रिंग पानाच लावतो. जुनं निपल तुटलं की दिवस गेला. निपलवर पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलात बुडालेलं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा, कारण जुन्या सिलेंडरच्या तळाशी, जिथे रबर एरवी पोचत नाही, तिथे गंज असतो आणि तो रबर फाडतो.

बायको सीटवर. मी म्हणतो, "दाब." ती म्हणते, "दाबलं." मी निपल पाव आटा सोडतो. "गेलं खाली." नळीतून आधी फेस, मग वाटाण्याएवढा बुडबुडा. निपल आवळलं की मगच "सोड." तिने आधी पाय उचलला, तर सिलेंडर उलटा ओढतो आणि निपलच्या आट्यांतून हवा पुन्हा आत. एकमेकांचं इतकं निमूट ऐकण्याचे प्रसंग आमच्या संसारात कमीच. मध्येमध्ये डबीत ऑइल घालत राहावं लागतं. ती आटली की वरूनच हवा शिरते, सगळं पहिल्यापासून.

नळीत बुडबुडे थांबले, पेडल टणक झालं, तरी हवेचा एक प्रकार उरतो: अजून हवा न झालेलं पाणी. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि कोकणात ओलाव्याला काय तोटा! डॉट ३ प्रतीचं ताजं ऑइल 205 अंशांच्या आत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्के पाणी मुरलं की ही हमी 140 अंशांवर येते. शहरात काही जाणवत नाही. कशेडी घाट उतरताना मात्र पाय सतत ब्रेकवर, ड्रम तापतात, चाकातल्या सिलेंडरमध्ये वाफ धरते. वाफही हवेसारखीच आकसते. पेडल ऐन वळणावर मऊ. कशीबशी गाडी पायथ्याशी आणून चहाला थांबलात, की ड्रम निवतात, वाफेचं पुन्हा पाणी होतं. गॅरेजात मिस्त्री दाबून बघतो आणि म्हणतो, "साहेब, ब्रेक तर झक्कास आहे."