दफ्तर कोणाचें?

गांवांत ज्याच्या हातीं दफ्तर, त्याच्या हातीं पुष्कळ कांहीं असतें, ही गोष्ट करवीर प्रांतांतील वाचकांस विस्तारानें सांगावयास नको. जमीन कोणाची, हद्द कोठवर, सारा कोणी भरला व कोणाकडे थकला, हें ज्या कागदांवरून ठरावयाचें ते कागद पूर्वी कुलकर्ण्याच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या असत. राज्यें बदललीं, अंमलदार बदलले. रुमालांत बांधलेलें दफ्तर मात्र त्याच वाड्यांत राहिलें. कुलकर्णी सज्जन असला तर तें गांवाचें दैव. नसला तर दाद मागावी कोठें? दाद मागण्यास पुरावा हवा, आणि पुरावा तर त्याच्याच रुमालांत बांधलेला!

राजर्षि शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं आपल्या संस्थानांतील कुलकर्णी वतनें नाहींशीं केलीं व त्यांच्या जागीं पगारी तलाठी नेमले. या जागा पिढीजात न राहतां इतर जातींच्या लोकांस, अस्पृश्य मानलेल्यांसही, मोकळ्या झाल्या. त्या निर्णयावरून त्या काळीं जें वादळ उठलें त्याच्या खोलांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं. आम्हांस लक्ष वेधावयाचें आहे तें दुसऱ्याच एका गोष्टीकडे. आदल्याच वर्षीं, १९१७ सालीं, महाराजांनीं संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें होतें. इतिहासाच्या पुस्तकांत हीं दोन प्रकरणें निरनिराळीं पडतात. आम्हांस मात्र तीं एकाच विचाराचीं दोन अंगें वाटतात. लेखणी एका हातांतून काढून दुसऱ्या हातीं दिली, तरी गांव निरक्षर असेल तोंवर नव्या हातास जुनी खोड लागावयास वेळ लागत नाहीं.

त्या दफ्तराचें दुसरें मोठें स्थलांतर आज आमच्या डोळ्यांदेखत चाललें आहे. वाड्यांतून तें चावडींत आलें होतें. आतां तें संगणकांत गेलें आहे. या कामीं कोल्हापूर जिल्हा मागाहून आलेला नव्हे. १९९८ सालींच वारणानगर केंद्र धरून कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० खेड्यांना संगणकाच्या जाळ्यानें जोडण्याचा उपक्रम सुरू झाला. शेतकऱ्यास पिकांची माहिती, बाजारभाव, सरकारी योजना, जमिनीचे उतारे, सारें गांवांतल्या गांवांत मिळावें, अशी त्यामागील उमेद होती. प्रत्यक्षांत त्या संगणकांवर मुख्यत्वें चाललें तें साखर कारखान्याचें काम: उसाची नोंद, तोडणीचा परवाना, वजन, बिल. तेंही शेतकरी स्वतः करीत नसे. तो खिडकीशीं उभा राही व आंतला चालक त्याच्यासाठीं कळा दाबी. पुढें २००७ च्या सुमारास संशोधकांनीं हींच कामें साध्या मोबाइल फोनच्या लघुसंदेशांनीं होतात कीं काय, हें कांहीं गांवांत करून पाहिलें, आणि तीं झालीं. यावरून संगणक निरुपयोगी होता असें कोणी म्हणूं नये. लोकांनीं आपल्या गरजेपुरतें त्यांतून उचललें, एवढेंच.

नंतरचा इतिहास थोडक्यांत आटोपूं. २०११ सालीं राज्य सरकारनें ‘संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र’ उर्फ ‘संग्राम’ ही योजना काढून ग्रामपंचायतींत संगणक व तो चालविणारा परिचालक दिला. २०१६ पासून तिच्या जागीं ‘आपले सरकार सेवा केंद्रें’ आलीं. २०१८ च्या महाराष्ट्रदिनीं डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. २०२० सालीं ‘ई-ग्रामस्वराज’ निघून पंचायतींचे आराखडे व जमाखर्च, ज्यास पाहावयाचे असतील त्यास, घरबसल्या पाहण्याची सोय झाली.

या सोयी थोड्या नव्हेत. एका उताऱ्यासाठीं अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याच्या गांवीं जाणें, तेथें ‘साहेब आज नाहींत’ हें ऐकून परतणें, या यातना ज्यांनीं भोगल्या त्यांस त्यांचें मोल ठाऊक आहे. २०१९ च्या ऑगस्टांत पंचगंगा व कृष्णा यांचें पाणी शिरोळ-करवीरच्या गांवांत शिरलें. अशा पाण्यांत लोखंडी कपाटाचा काय निभाव लागणार? जें दूर कोठें तरी जपून ठेवलें आहे तेंच अशा वेळीं वांचतें. शिवाय यंत्रास जात कळत नाहीं, आडनांव ऐकून त्याचा आवाज चढत नाहीं कीं उतरत नाहीं. आणि चहापाण्याची अपेक्षाही त्याला नसते. ज्या देशांत कागद देणाऱ्याच्या कपाळावरची आठी पाहून मागणाऱ्यानें पाऊल मागें घ्यावें अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत, तेथें हा गुण हलका लेखणें कृतघ्नपणाचें होईल.

असें असूनही एक प्रश्न आमच्या मनांतून जात नाहीं. करवीर तालुक्यांतील एका ग्रामपंचायतीच्या कचेरींत कांहीं दिवसांपूर्वी आम्ही आमच्या कामानिमित्त बसलों होतों. एक वृद्ध विधवा आली. घर नवऱ्याच्या नांवचें. तो वारल्यावर पंचायतीच्या नमुना ८ ला तिचें नांव लावण्याचा अर्ज तिनें केला होता व त्याचा उतारा तिला हवा होता. परिचालक तरुण व सालस. तो म्हणाला, “मावशी, सर्व्हर बंद हाय.” ती म्हणाली, “परवाबी बंदच हुता.” तो ओशाळला. ती त्याच्यावर रागावली नाहीं. रागवावें तरी कोणावर? ती आली तशी निघून गेली.

पूर्वीचा कारकून ‘उद्यां या’ म्हणे तेव्हां तें वाक्य त्याचें असे. तो आळशी होता, लोभी होता कीं खरोखरीच कामांत होता, तें गांव ओळखून असे. त्याला चारचौघांत लाजविण्याची, पाटलाकडे किंवा मामलेदाराकडे ओढण्याची वाट असे. आजचा नकार कोणाचाच नसतो. परिचालक म्हणतो, यंत्रणा वरून बंद आहे. वरचा म्हणतो, जाळें तुटलें आहे. आणि जाळ्याला तर तोंडच नसतें. प्रत्येकजण खरें बोलत असतो, प्रत्येकजण निर्दोष असतो, आणि म्हातारीचें काम तर होत नाहीं. अपराध झाला व अपराधी कोणीच नाहीं, ही स्थिति नीतिशास्त्राच्या दृष्टीनें लांचखाऊ कारकुनाहून बरी कीं वाईट? लांच घेणाऱ्यानें निदान आपण चुकतों हें मनांत तरी जाणलेलें असतें.

यावर कायद्याकडे बोट दाखविण्यांत येईल. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमानें सेवेस मुदत घातली, अपिलें ठेविलीं, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५००० रुपये दंडही ठरविला. कायदा चांगला आहे. पण अपील करावयाचें तें लेखी. जिला आपला अर्ज वाचतां येत नाहीं, ती आपल्या अर्जावरील हलगर्जीबद्दल अपील कोणाकडून लिहून घेणार? बहुधा त्याच परिचालकाकडून!

त्या बिचाऱ्याचीही कथा ऐकण्यासारखी आहे. तो कंत्राटी, पगारासाठीं या परिचालकांना वेळोवेळीं मुंबईच्या आझाद मैदानावर जाऊन बसावें लागलें आहे. ज्याच्या हातून गांवाचे जन्ममृत्यु नोंदले जातात, त्याची स्वतःची नोकरी मात्र कोठें पक्की नोंदलेली नाहीं. कुलकर्ण्यास वतनाचा माज होता. यास उद्यांची चिंता आहे. दोहोंपैकीं कोणतीही अवस्था दफ्तर राखणाऱ्यास हितावह नव्हे.

दुसरी एक बाब. पूर्वी अंगठा उठविणें हें अशिक्षितपणाचें लक्षण मानीत. आतां पदवीधरांसही यंत्रावर अंगठा ठेवावा लागतो, ही एक मौजच आहे. पण ऊस तोडून, भांडीं घासून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या त्यांचा अंगठा यंत्र कित्येकदां ओळखीत नाहीं. रेशनच्या दुकानांत हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. दुकानदार त्या बाईस जन्मापासून ओळखतो. यंत्र ओळखीत नाहीं, म्हणून ती ती नव्हे! सर्वांस एक नियम हा न्याय खरा. पण ‘ही आमच्या गांवची, मी हिला ओळखतों’ असें म्हणण्याचा माणसाचा अधिकार त्या न्यायांत पार बुडूं द्यावा काय? त्याच अधिकाराच्या आडून पूर्वी वशिलेबाजी चाले, हें आम्हांस मान्य आहे. म्हणूनच तो मोकाट नसावा. अशा वेळीं ज्यानें ओळख पटविली त्यानें आपलें नांव व कारण नोंदवून सही करावी, आणि ती नोंद ग्रामसभेपुढें यावी.

ग्रामसभेचें नांव आम्हीं मुद्दाम घेतलें. १५ ऑगस्ट वा २६ जानेवारीस ती भरते. बहुतेक ठिकाणीं झेंडावंदनानंतर चार ठराव वाचून उरकते. पंचायतीचा जमाखर्च आतां जगास दिसतो म्हणतात. पण जगास दिसणारा आंकडा भावकींतल्या माणसास समजेल अशा भाषेंत कोणी मोठ्यानें वाचून दाखविल्याखेरीज गांवास दिसत नाहीं. गटारासाठीं किती आले, किती गेले, कोणत्या गल्लींत गेले, हें विचारण्यास संगणक लागत नाहीं. उभें राहण्याची छाती लागते, आणि विचारल्यावर उत्तर देण्यास बांधलेला एक माणूस समोर असावा लागतो. यंत्रानें त्या माणसाचें काम हलकें करावें. त्याची जागा मात्र त्यानें घेऊं नये, आणि त्याला लपण्यास आडोसाही देऊं नये. सर्व्हर बंद असल्यास किती वेळ बंद, कोणीं कळविलें, केव्हां सुरू होणार, एवढें एका फळ्यावर खडूनें लिहून खालीं ग्रामसेवकानें सही केली तरी नकारास पुन्हां तोंड येईल. या उपायास खर्च म्हणाल तर खडूचा.

आमचें काम पुरें होण्यास आम्हांस आणखी एकदां त्या कचेरींत जावें लागलें. ती विधवा योगायोगानें त्या दिवशींही आली होती, आणि त्या दिवशीं यंत्र चालू होतें. उतारा निघाला. पोरानें तो तिच्या हातांत ठेवला. ती कागद उलटसुलट करून पाहूं लागली व म्हणाली, “ह्यांत माझं नांव कुठं हाय, दाव बरं.” त्यानें बोट ठेवून दाखविलें. तिनें त्याच जागीं आपलें बोट ठेवलें, आणि पुन्हां वाचावयास सांगितलें.