शिलोहाचा बुरूज आणि आपले मजूर बंधू

खेड्यातला एखादा तरुण शहरात बांधकामावर जातो, आणि काही महिन्यांनी त्याचा मृतदेह घरी येतो, किंवा तो स्वतः हात वा पाय गमावून परत येतो. अशा प्रसंगी भेटीस येणारे लोक तीन प्रकारचे बोल बोलतात. कोणी म्हणतो, हे पापाचे फळ; कोणी म्हणतो, देवाची इच्छा; आणि कोणी म्हणतो, त्याचाच हलगर्जीपणा. हे बोल आपल्या मंडळ्यांतही ऐकू येतात. ते ख्रिस्ती माणसाच्या तोंडी शोभतात काय, ह्याचा आपण शांतपणे विचार करू.

पहिल्या बोलाचा निकाल प्रभूने स्वतःच लावला आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेल्याची हकीकत आहे. ती माणसे यरुशलेमेतील इतरांहून अधिक दोषी होती असे समजू नका, असे प्रभूने बजावले आणि ऐकणारांनाच पश्चात्ताप करावयास सांगितले. ती का मेली ह्याचा उलगडा त्याने केला नाही. जेथे प्रभूने मौन धरले, तेथे आपण मृताच्या पापांचा हिशेब मांडणे हा उद्धटपणा होय.

असा एक बुरूज आपल्या महाराष्ट्रातही पडला. ३१ जुलै २०२३ च्या रात्री ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातील सरळांबे गावाजवळ, समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू होते. पुलाच्या अजस्र तुळया उचलून खांबांवर ठेवणारे गर्डर लाँचर नावाचे यंत्र उंचावरून कोसळले आणि २० जण प्राणास मुकले. त्यांतील पुष्कळ जण परप्रांतातून पोटासाठी आलेले होते.

ह्यावर दुसरा बोल येतो, की ही देवाची इच्छा. बापाच्या नकळत चिमणीही भूमीवर पडत नाही, हे आम्ही मनापासून मानतो. परंतु त्याच देवाने अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात आज्ञा दिली आहे, की नवे घर बांधणाराने धाब्यास कठडा करावा, नाही तर तेथून पडून मेलेल्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल. पडणे ही केवळ देवाचीच करणी असती, तर घरधन्यावर दोष का यावा? निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायातही असेच आहे. बैल मारका आहे असे धन्यास अगोदर सांगितले असून त्याने तो आवरला नाही, आणि बैलाने माणूस मारला, तर धनीही दोषी ठरतो. ह्यावरून दिसते, की देवाचे सर्वज्ञान हे मनुष्याच्या निष्काळजीपणावर घालावयाचे पांघरूण नव्हे.

आजचा मारका बैल लोखंडाचा आहे. क्रेनची तार झिजू लागली, की पुष्कळदा तिचे धागे आधी तुटलेले दिसतात. एक घनमीटर माती सुमारे दीड टन भरते. खोल चराच्या बाजूंस आधार दिला नाही आणि ती ढासळली, तर छातीपर्यंत पुरलेल्या माणसासही श्वास घेणे अशक्य होते. माती उकरणारे यंत्र मागे सरकताना चालकास मागचे सर्व दिसत नाही, म्हणून तेथे इशारा देणारा माणूस लागतो. ह्या गोष्टी कामावरील जाणत्यांस ठाऊक असतात. ज्यास ठाऊक आहे आणि ज्याच्या हाती काम थांबविण्याचा अधिकार आहे, त्याने घाईसाठी किंवा चार पैशांसाठी डोळे झाकले, तर तो त्या धन्याच्या पंक्तीस बसतो.

तिसऱ्या बोलात कधी कधी सत्याचा अंश असतो. मजूरही चुकतो, पट्टा बांधीत नाही, लटकत्या ओझ्याखालून जातो. परंतु ज्याने मुकादमाची उचल घेतली आहे, तो धोक्याच्या कामास नाही कसे म्हणणार? आणि रात्रंदिवस राबून दमलेल्याची चूक ही एकट्या त्याचीच काय? मालकाची चूक सिद्ध न करताही कामावर इजा झालेल्या मजुरास भरपाई मिळावी, हे तत्त्व आपल्या देशात १९२३ च्या कायद्याने घातले. कायद्यास जे कळले, ते मंडळीस कळू नये काय?

यास्तव आमची उपदेशक बंधूंस विनंती आहे. गावातून कोण, कोठे, कोणत्या मुकादमाबरोबर गेला ह्याची नोंद ठेवावी. बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात त्याचे नाव नोंदविण्यास साहाय्य करावे. अपघात झाल्यास विधवेने कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये, हे तिला अगोदर समजावून सांगावे, आणि भरपाईचा अर्ज करण्यास कोणी तरी तिच्याबरोबर जावे. परप्रांतीय मजूर आपल्या शिवारात जायबंदी झाला, तर तो कोणत्या धर्माचा हे न विचारता त्याची शुश्रूषा करावी.

आणि मंडळीत जे मुकादम किंवा ठेकेदार आहेत, त्यांस एकच विचारतो: ज्या ओझ्याखाली तुम्ही आपल्या मुलास उभे करणार नाही, तेथे दुसऱ्याच्या मुलास कसे उभे करता? प्रभूने सांगितलेला पश्चात्ताप आपल्यापुरता येथून आरंभ होतो. पुढचा बुरूज पडण्यापूर्वी तो करण्याची बुद्धी देव आपणां सर्वांस देवो.