दुसऱ्या अर्थाच्या आधी

दादा कोंडके यांच्याबद्दल पुण्यात दोन सुरांत बोललं जातं. एक सूर दिवाणखान्यातला. चावट, पांचट, घरात बसून बघण्याजोगं नाही, असं म्हणून विषय मिटवणारा. दुसरा सूर त्याच माणसांचा, पण जेवणं आटोपून गप्पा रंगल्यावरचा. मग कुणीतरी ‘सोंगाड्या’तला नाम्या काढतं, कुणीतरी ‘पांडू हवालदार’मधली पारू केळेवाली, आणि बघता बघता सगळे डोळे पुसायला लागतात. पहिला सूर ढोंगी आणि दुसरा खरा, असं मला वाटत नाही. दोन्ही खरे आहेत. एकाच माणसाला एकाच विनोदाचं हसूही यावं आणि त्याची किळसही यावी, हे कसं घडतं, एवढाच माझा प्रश्न आहे. तो प्रेमकथेच्या बाबतीत जास्त टोचतो, कारण प्रेमकथेत शरीर येणारच. ते किती आणि कसं यावं, यावरच सगळं ठरतं.

हा चावटपणा तमाशातून आला आणि तमाशा गावकुसाबाहेरचा, असं सांगून शहरी माणसाला सुटता येणार नाही. आपल्या भाषेच्या पूर्वजांकडेच बघावं. महाराष्ट्री प्राकृतातली, सातवाहन राजा हालाच्या नावावरची गाथासप्तशती स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली मराठीत आणली. तिच्यातल्या एका गाथेत संध्याकाळी एक वाटसरू मुक्कामाला आलेला आहे. घरधनी गावी नाही. तरुण सून पाहुण्याला दाखवते की सासू इथे निजते, मी तिथे निजते, नीट बघून ठेव, रात्री अंधारात आमच्या अंथरुणावर धडपडू नकोस. सासूच्या कानाला ही निव्वळ खबरदारी वाटते. वाटसरूला समजायचं ते समजतं. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ध्वनीचा सिद्धांत मांडताना ही गाथा उदाहरणाला घेतली: शब्दांत नकार आहे आणि सुचवलेलं आमंत्रण आहे. काश्मीरच्या एका श्रेष्ठ साहित्यमीमांसकाला आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच ही चावट सून बोलवावीशी वाटली. पुढे काव्यशास्त्रकार मम्मटाने अश्लीलता हा काव्यदोष ठरवला खरा, पण प्रणयाच्या बोलण्यात दुहेरी अर्थाचे शब्द येतात तिथे तोच दोष गुण होतो, अशी सूटही त्याने दिली.

या गाथेत मला दोन गोष्टी फार मोलाच्या वाटतात. पहिली अशी की तिचा वरचा अर्थ अस्सल आहे. सासू खरी आहे, अंधार खरा आहे, पाहुणा धडपडण्याची भीतीही खरी आहे. त्या अर्थावर उभं राहूनच दुसरा अर्थ डोकावतो. दुसरी गोष्ट, बोलणारी बाई आहे. विनोद तिच्यावर होत नाही, तीच तो करते, आणि बिचारा वाटसरू नुसता ऐकतो.

तमाशाने ही दुसरी गोष्ट नेमकी सांभाळली होती. गौळणीत कृष्ण आणि पेंद्या बाजाराच्या वाटेवर गवळणींना अडवतात, आणि त्यांच्या आगाऊपणाला उत्तर द्यायला मावशी असते. मावशीचं सोंग पुरुषच घेतो, पण संपूर्ण गणगौळणीत तिच्याइतकी तिखट जीभ कुणाची नसते. पोरांनी एक टाकावी आणि मावशीने दोन परत कराव्यात, अशी ती झटापट. सवाल-जवाबातही तेच. लावणी तर बहुतेक वेळा बाईच्याच तोंडी असते. तमाशात नाचणाऱ्या बाईचं आयुष्य किती हलाखीचं होतं हे विसरून मी तमाशाचा गौरव करायला निघालेलो नाही. पण त्या रचनेत बाईला उत्तराचा हक्क होता, आणि तिचं उत्तर हाच टाळ्यांचा क्षण असे.

ही रचना आतून ओळखणारा लेखक म्हणजे वसंत सबनीस. त्यांचा ‘छपरी पलंगाचा वग’ १९६५ साली ‘विच्छा माझी पुरी करा’ या नावाने रंगभूमीवर आला आणि दादांच्या हजरजबाबी हवालदारासह त्याचे दीड हजारांवर प्रयोग झाले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात दादा तयार झाले होते, त्यामुळे राजकारणावरचे चिमटे त्यात रोज नवे असत. मग १९७१ साली सबनीसांनीच लिहिलेला ‘सोंगाड्या’ आला.

नाम्याकडे जरा जवळून बघावं. ढगळ, गुडघ्यापर्यंत येणारी चड्डी आणि तिचा बाहेर लोंबणारा नाडा. प्रौढ पुरुषाच्या अंगावर पोराचे कपडे आहेत, आणि त्याच्या तोंडातली भाषाही तशीच, आईला भिणाऱ्या पोराची. तो तमाशाला जातो, कलावतीवर भाळतो, आणि आईच्या संतापाला घाबरून थरथरतो. रत्नमालांची ती करडी आई, उषा चव्हाणांची जाणती कलावती आणि मधे हा बावळा. तो जे बोलतो त्याचा दुसरा अर्थ त्याला स्वतःला लागत नाही. तो कलावतीला लागतो आणि आपल्याला लागतो. म्हणून हसताना आपण थोडे चोरटे होतो: घाण त्याच्या तोंडात नव्हती, ती आपल्या डोक्यात आधीच होती. हे मला उच्च दर्जाचं कसब वाटतं. प्रेमात पुरुष जाणता आणि बाई अजाण असा जो नेहमीचा साचा, तो इथे उलटा आहे. जाणतेपण बाईकडे आहे आणि लाज पुरुषाकडे.

गिरणगावातल्या प्रेक्षकाला आणि जत्रेतल्या तंबूत दाटीवाटीने बसलेल्या शेतकऱ्याला हा नायक का भावला, हे समजणं अवघड नाही. त्या काळच्या हिंदी पडद्यावरचं प्रेम थंड हवेच्या ठिकाणी, गाड्यांतून आणि बंगल्यांतून होत असे. नाम्याचं प्रेम भाकरीच्या भाषेत होतं. ज्याला प्रेमपत्र लिहिता येत नाही त्यालाही प्रेम करता येतं, आणि त्याची शरीराबद्दलची भीड, ओढ, गोंधळ हे सगळं हसण्याजोगं असलं तरी हिणवण्याजोगं नाही, हे दादांनी दाखवलं. त्यांचे नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी ठरले आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. ही किमया केवळ चावट शब्दांची असती तर ती कुणालाही जमली असती.

पण नंतर ती दादांनाही जमेनाशी झाली. ‘मुका घ्या मुका’, ‘पळवा पळवी’, ‘येऊ का घरात’, ‘सासरचं धोतर’. नावांपासूनच दुसरा अर्थ पुढे येऊन बसतो आणि पहिल्याला बसायला जागा उरत नाही. ‘सोंगाड्या’च्या वेळी दादा चाळिशीला टेकले होते. ‘सासरचं धोतर’ १९९४ साली आला तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती, तरी चड्डीचा नाडा लोंबतच होता. आता हा माणूस अजाण आहे यावर विश्वास कोण ठेवणार? अजाणपण गेलं की त्याच तोंडचा तोच शब्द जाणूनबुजून टाकलेला होतो, आणि समोरची नायिका संवादातली भागीदार न राहता शब्द आदळण्याचं निमित्त होते. शृंगारातून हास्य जन्मतं, असं भरताने नाट्यशास्त्रात म्हटलं आहे. या चित्रपटांत मला जन्म देणारा शृंगारच सापडत नाही. कुणाला कुणाची ओढ लागलेली नाही, कुणाला कुणाला गमावण्याची धास्ती नाही. २०१९ च्या ‘टकाटक’सारख्या चित्रपटांत तर जाणतेपण पूर्ण पोरांच्या बाजूला गेलेलं आहे. आपसांत टाळ्या देणारी पोरं, आणि आपल्याबद्दल काय चाललंय याची कल्पना नसलेल्या मुली. मावशीला या पटकथांमध्ये कामच उरलेलं नाही.

याहून कठोर अशी एक मर्यादा आहे, आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. तमाशापटांमध्ये नाच्या, म्हणजे बायकी हावभाव करणारा पुरुष, असे. गणपत पाटील यांनी ती भूमिका इतक्या तन्मयतेने केली की लोक पडद्याबाहेरही त्यांना त्याच नजरेने बघू लागले. त्यांनी टाळी वाजवावी आणि थिएटर हसावं, यात लेखकाला काहीच करावं लागत नसे. इथे दुसरा अर्थ नव्हता, सोंग उतरवण्याची सोय नव्हती; एक माणूस असा आहे, एवढंच हसण्याचं कारण. आनंद यादवांनी ‘नटरंग’ कादंबरीत आणि २०१० साली रवी जाधवांनी त्याच नावाच्या चित्रपटात या हशाची किंमत दाखवली. कुस्तीत कमावलेलं शरीर गुणा कागलकर कलेपायी नाच्याचं करतो, आणि त्याचं घर, अब्रू, देह, सगळ्यावर घाला येतो. तो चित्रपट पाहिल्यापासून जुन्या तमाशापटातल्या त्या टाळीला हसणं मला जमलेलं नाही.

मग पुरुषाने बाईचा वेश घेतला की विनोद हलकाच होतो का? तसं म्हणावं तर पुण्यातच घडणारा ‘अशी ही बनवाबनवी’ आड येतो. १९८८ चा हा चित्रपट आजही तीन पिढ्या एका सोफ्यावर बसून बघतात. त्यात बाईच्या वेशातले दोन पुरुष आहेत, खोटं गरोदरपण आहे, डोहाळजेवण आहे, पदराआड लपवलेला सगळा गोंधळ आहे. वाह्यातपणाला एवढी मोकळी जागा दुसऱ्या कुठल्या मराठी चित्रपटात नसेल. तरीही आजी उठून आत जात नाही. ‘बीवी और मकान’ या हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या चित्रपटावरून ही कथा घेतली आणि तिचे संवाद लिहिले ते ‘सोंगाड्या’वाल्या वसंत सबनीसांनीच. त्यातला धनंजय माने म्हणजे ‘पांडू हवालदार’मध्ये दादांच्या जोडीला उभे राहिलेले अशोक सराफ.

लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वती पदर सावरते, लाजते, भलत्याच वेळी पुरुषी आवाजात बोलून जाते. आपण हसतो ते पार्वतीचं सोंग घेतलेल्या परशाच्या धांदलीला; बाईपणाला हसू येत नाही, कारण बाईपण निभावता निभावता या पुरुषाच्या नाकी नऊ आलेले दिसतात. शिवाय घरमालकीण लीलाबाई काळभोर त्या दोघींना सुना मानून जीव लावतात. प्रत्येक वाह्यात प्रसंगामागे त्या माऊलीला फसवल्याची बोच आहे, आणि जिच्यावर मन जडलं तिच्यासमोर खरं सांगता न येणाऱ्या प्रियकराची तगमग आहे. आणि ही बोच आणि तगमग उभी करण्याआधी सबनीसांनी आणखी एक गोष्ट खरी केली. चित्रपटाच्या सुरुवातीला धनंजय विश्वासराव सरपोतदारांच्या घरात भाड्याने राहतो, त्या खोलीत बराच वेळ जातो. घरमालकाची कटकट, महिन्याचं भाडं, चोरून राहणारे पाहुणे, हाकलून दिल्यावर पुण्यात दारोदार केलेली जागेची शोधाशोध. कुठल्याही पेठेत भाड्याने राहिलेल्या माणसाला ओळखू येईल अशी ही अडचण आहे, आणि ती पुरती पटल्यानंतरच पहिलं लुगडं नेसलं जातं.