बंधनाची प्रतिकृति

स्वेच्छेनें पत्करलेल्या बंधनास बंधन म्हणावें कीं नाहीं? नीतिशास्त्रांतील हा जुना प्रश्न कॉर्सेट या पाश्चात्त्य वस्त्राच्या उदाहरणानें बराच उलगडतो.

१६०३ सालीं इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ मरण पावली. तिच्या अंत्ययात्रेसाठीं केलेल्या प्रतिमेस घातलेली ताठ कंचुकी, म्हणजे कॉर्सेटची पूर्वज, लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेंत अद्याप जतन केलेली आहे. कापडाच्या थरांमध्यें देवमाशाच्या तोंडांतील चिवट पट्ट्या शिवून ती केली आहे. जॅनेट आर्नल्ड या विदुषीनें तिचा बारकाईनें अभ्यास केला, आणि आज तिच्या बरहुकूम कंचुक्या शिवणाऱ्या हौशी स्त्रिया आहेत. देवमाशाच्या पट्टीच्या जागीं त्या प्लॅस्टिकची पट्टी घालतात. निर्जीव प्रतिमेसाठीं शिवलेलें वस्त्र असें श्वास घेणाऱ्या देहावर चढतें, आणि अनुभव येतो तो अनपेक्षित. मापानें शिवलेली व बेतानें आवळलेली कंचुकी सुसह्य असते. ती पाठीस आधार देते, जड घागऱ्यांचा भार कमरेस बोचूं देत नाहीं.

मग जुन्या तक्रारी खोट्या समजावयाच्या काय? १८८१ सालीं लंडनांत स्थापन झालेल्या रॅशनल ड्रेस सोसायटीनें घट्ट कॉर्सेटचा निषेध केला, आणि स्त्रीच्या आंतल्या कपड्यांचें वजन ७ पौंडांहून अधिक नसावें अशी मर्यादा घातली. त्या स्त्रियांना अनुभव नव्हता असें कोण म्हणेल?

माझ्या मतें दोन्ही साक्षी खऱ्या आहेत. परंतु त्या एकाच वस्तूविषयीं नाहींत. प्रतिकृतींत टांका उतरतो, नाइलाज उतरत नाहीं. आजची हौशी स्त्री संध्याकाळीं नाडी सोडते, आणि तिला कोणी बोल लावीत नाहीं. पूर्वीं वस्त्र आणि शील यांची सांगड इतकी पक्की होती कीं, कडक नीतीच्या माणसास इंग्रजी भाषेनें ‘घट्ट नाडीचा’ अशा अर्थाचें विशेषणच बहाल केलें आहे.

नाडी कोण ओढतो, यावरूनही निर्णय होत नाहीं. एकोणिसाव्या शतकांत कॉर्सेटच्या पुढच्या बाजूस पोलादी आंकडे आले, आणि दासीच्या मदतीवांचून तो चढवितां येऊं लागला. दासीचा हात गेला; बंधन राहिलें.

तेव्हां स्वेच्छेची कसोटी पत्करण्यांत नसून सोडतां येण्यांत आहे. जें उद्यां सोडलें असतां अब्रू जात नाहीं, तेंच आपण खरोखर निवडलेलें असतें. आपल्या लेकीसुना अमुक गोष्ट आपखुषीनें करतात, असें आपण अभिमानानें म्हणतों. त्यांनीं ती उद्यां सोडली तर आपण काय म्हणूं, हें आधीं स्वतःस विचारून पाहावें.