मौनातील असत्य

१८७२ च्या भारतीय करार कायद्यात, कलम १७ खाली, एका घोड्याचे उदाहरण आहे. घोडा सदोष असल्याचे ठाऊक असूनही मालक लिलावात मूक राहून तो विकतो. कायद्याच्या दृष्टीने ही फसवणूक नव्हे. मात्र खरेदीदार त्याचीच नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर दोष सांगणे त्याचे कर्तव्य ठरते.

असत्य विधान, ते प्रामाणिक समजुतीने केलेले असले तरी, सहसा करार रद्द करण्यास पुरेसे होते. मौनाला मात्र नात्याची कसोटी लागते. न्यायालयाला अशी मर्यादा आखावी लागते, हे आपण मान्य करू. तथापि सदसद्विवेकबुद्धीला प्रश्न पडतोच: लेकीला जे सांगितले असते, ते परक्यापासून का लपवावे? नफ्यावाचून दुसरे उत्तर आपल्यापाशी नसेल, तर कायद्याने निर्दोष ठरलेला तो सौदाही आपण करू नये.