आजचे चिंतन : ओहोटी कोणाला?



आजचा श्लोक गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला, सत्तरावा. भगवंत सांगतात, चहूकडून पाणी येऊन मिळालं तरी समुद्र आपली जागा सोडत नाही. तसे विषय येऊन मिळाले तरी जो ढळत नाही, शांती त्याला मिळते. माउलींनी ज्ञानेश्वरीत याची दुसरी बाजूही दाखवली आहे. उन्हाळ्यात नद्या आटल्या, तरी समुद्र उणा होत नाही.

हा श्लोक मी ओतूरला शाळेत असताना पाठ केला. आई म्हणून घ्यायची. तेव्हा आमच्यासाठी पाणी म्हणजे मांडवी नदी. श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराला तांदळाच्या पिंडी बघायला जायचो, शेजारी बाबाजी चैतन्यांच्या समाधीवर डोकं टेकवायचो आणि येताना नदीत पाय बुडवायचो. वैशाखात त्याच पात्रात दगड उघडे पडायचे. पाणी आटतं, हे आम्हाला कोणी शिकवायला नको होतं. न आटणारं पाणी मात्र आईने पाहिलं नव्हतं. "एकदा समुद्र दाखव रे," असं ती चार वर्षं म्हणत होती. मी दर वेळी म्हणायचो, "एवढा रिलीज होऊ दे, मग जाऊ."

मागच्या आषाढात ती गेली.

तेव्हापासून माझा नित्यपाठ चुकला नाही, पण खरं सांगतो, कोरडा झाला. हरिपाठ तोंडातून जायचा, आत काही हलायचं नाही. इथे रोज लिहीत होतो तेही सवयीने. देव लांब गेला, असं वाटायचं.

माघ वद्य तृतीयेला तात्यांना (म्हणजे वडिलांना) आणि सात वर्षांच्या लेकीला घेऊन मालवणला गेलो. तिथल्या किनाऱ्यावर कातळ आहेत. ओहोटीला त्यांच्या खळग्यांमध्ये पाणी अडकून राहतं. मास्क लावून, नळीने श्वास घेत त्यात तोंड घातलं की आतलं जग दिसतं. वेळ काढायला जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ मिळते. तृतीया, म्हणजे सव्वादोन. तिथून सहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी आठ-सव्वाआठ. हिशोब ढोबळ आहे, जागेनुसार वेळ मागेपुढे होते, म्हणून तक्ता पाहिला आणि तिथला एक माहीतगार माणूसही सोबत घेतला.

पोहोचलो तेव्हा पाणी पार मागे हटलेलं. काळा कातळ, शेवाळ, आणि खडकाला चिकटलेले बटणाएवढे बुळबुळीत गोळे. लेक हिरमुसली. "आजोबा, समुद्र संपला?"

तात्या खडकावर टेकत म्हणाले, "संपतोय कशाचा? तो हाय तितंच. काठ उघडा पडलाय निस्ता."

मी थबकलो. या श्लोकाबद्दल माझी एक जुनी शंका होती. समुद्र दर सहा तासांनी पुढेमागे होतो, मग तो अचल कसा? चंद्र-सूर्याच्या ओढीने पाणी एका किनाऱ्यावर चढतं, तेव्हा दुसरीकडे उतरतं. एकूण पाणी तेवढंच. हे मी इंजिनिअरिंगच्या आधीच शिकलो होतो, पण स्वतःला लावून पाहिलं नव्हतं. ओहोटी काठाला असते. समुद्राकडे ती नसतेच.

मग कमरेएवढ्या पाण्यात पालथा झालो. मान खाली घातल्याशिवाय काही दिसत नाही, आणि श्वास घाईने घेतला तर जीव घाबरतो. हळूहळू श्वास लागला. बाहेर जे बटणासारखे गोळे होते, तेच इथे पाण्यात पाकळ्या पसरून उमलले होते. समुद्रफुलं. पाणी गेलं की ती अंग मिटून घेतात, मरत नाहीत. खडकावरचे बार्नेकल तर कवचाचं दार लावून आत थोडंसं पाणी धरून बसतात. ऊन तापतं, खळग्यातलं पाणी खारट होत जातं. त्यांचा त्रास खोटा नसतो. पण भरती आणणं त्यांच्या हातात नाही. खडक न सोडणं आणि ते थोडं पाणी सांभाळणं, एवढंच हातात.

माझा कोरडा पाठ मला आठवला. तेच ते थोडंसं पाणी होतं.

बाहेर आलो तर तात्यांनी विचारलं, "आपल्या मांडवीचं पाणी इकडं येतं का रं?" मी सांगितलं, नाही, आपलं पाणी पूर्वेला जातं. कुकडीचं खोरं, मग घोड, भीमा, कृष्णा, आणि बंगालचा उपसागर. पण समुद्र शेवटी एकच.

ते बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. आईच्या अस्थी आम्ही आषाढातल्या मांडवीत सोडल्या होत्या.

"म्हंजी तुज्या आदी ती पोचली," ते म्हणाले.

वाटेत धरणं आहेत, हे मला ठाऊक आहे. मी काही बोललो नाही. पाणी फिरलं होतं; घोट्याला लागायला लागलं, तसे आम्ही उठलो.

आईला समुद्र दाखवायचा राहिला, तो राहिलाच. हा श्लोक ते पुसत नाही. पण त्या रात्री हरिपाठ म्हणताना आवाज दाटून आला. कितीतरी महिन्यांनी.

आजचा संकल्प: पाठ कोरडा वाटला तरी सोडू नका. आणि घरातल्या कोणी कुठे न्यायला सांगितलं असेल, तर आजच तारीख ठरवा. मालवणला गेलात तर भरतीची वेळ बघून उतरा, प्रवाळावर पाय देऊ नका, शिंपलाही उचलू नका. तिथला समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. त्या जिवांचं घर आहे ते.

राम कृष्ण हरी.